जुन्या स्पोर्ट्स कारला मागे रुंद आणि उंच टायर: नागपुरात हे काम कसं करावं

कन्हानचा पूल ओलांडला आणि पुढच्याच स्पीड ब्रेकरवर डाव्या मागच्या चाकातून 'खर्र' असा आवाज आला. गाडीत आम्ही दोघं, डिकीत दोन बॅगा, टाकी काठोकाठ भरलेली. रामटेकला पोचून चाकाखाली वाकून पाहिलं, तर नव्या कोऱ्या टायरच्या खांद्यावर गोल फिरून एक खाच पडली होती. मडगार्डच्या आतल्या दुमडीने रबर सोलून काढलं होतं. टायर बसवून जेमतेम चार दिवस झाले होते. दुकानात गाडी उभी असताना टायर आणि मडगार्डमध्ये बोट आरामात जात होतं, म्हणून मी निश्चिंत होतो.

ते टायर वाया गेले. त्यानंतर मी हे काम पहिल्यापासून, मोजून-मापून पुन्हा केलं. गेल्या दोन वर्षांत नागपुरातल्या तीन-चार जणांनी मला हेच विचारलं. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे.

माझी गाडी १९७१ ची एमजीबी रोडस्टर आहे. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनली. १७९८ सीसीचं इंजिन, वजन साधारण सव्वानऊशे किलो, मागे सलग ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). खालचे आकडे याच गाडीचे आहेत. तुमच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड किंवा ट्रायम्फ स्पिटफायर असेल तर मोजायची पद्धत हीच ठेवा, माझे आकडे मात्र घेऊ नका. त्या गाड्यांची मागची चाकं स्वतंत्रपणे झुलतात आणि वर-खाली होताना तिरकीही होतात, त्यामुळे टायर घासण्याची जागाच वेगळी निघते.

हाताशी काय लागेल

- जॅक आणि दोन मजबूत स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.
- चाकाला अडवण लावायला लाकडी गुटके
- व्हर्नियर आणि स्टीलची फुटपट्टी
- गवंड्याचा ओळंबा
- शाडूची माती, एक-दोन किलो
- खडू, मार्किंग टेप, वही
- टॉर्क रेंच
- वजनासाठी गहू-तांदळाचे दोन कट्टे
- हवेचा स्वतःचा गेज. पंपावरच्या गेजवर भिस्त ठेवू नका.

कागदांची यादी सहाव्या पायरीत दिली आहे. ती पायरी वगळू नका.

१. कशासाठी हवेत ते आधी ठरवा

लोक मोठे टायर तीन कारणांनी मागतात. मागची कमान रिकामी दिसते, ती भरलेली दिसावी. वळणावर पकड वाढावी. किंवा हायवेवर इंजिन कमी फिरावं.

तिसऱ्या कारणाचा हिशोब आधी करा, कारण इथेच सगळ्यात मोठी निराशा होते. एमजीबीच्या डिफरेन्शियलचं (मागच्या ॲक्सलमधल्या, चाकांना गती देणाऱ्या गिअरसंचाचं) प्रमाण ३.९०९ आहे. ओव्हरड्राइव्ह (टॉप गिअरमध्ये इंजिनच्या फेऱ्या कमी करणारा जोडगिअर) नसेल तर टॉप गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन साधारण ३,४०० फेऱ्या घेतं. माझा आत्ताचा टायर मूळ टायरपेक्षा दीड टक्क्याने उंच आहे, म्हणजे फेऱ्या कमी झाल्या जेमतेम पन्नास. जो टायर घासला तो ३.७ टक्क्यांनी उंच होता. तो टिकला असता तरी सव्वाशेच फेऱ्या वाचल्या असत्या. लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह याच फेऱ्या जवळपास १८ टक्क्यांनी कमी करतो. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढून एका दमात लांब जायचं हेच स्वप्न असेल, तर टायरचे पैसे ओव्हरड्राइव्हसाठी बाजूला ठेवा.

पकडीचंही तसंच आहे. सव्वानऊशे किलोची हलकी गाडी रुंद टायरवर उभी केली की रबराचा रस्त्यावरचा दाब कमी होतो. कोरड्या रस्त्यावर ते छान वाटतं. जुलैमध्ये आपल्या सिमेंटच्या रस्त्यांवर पाण्याचा थर साचतो, तेव्हा हाच रुंद टायर अरुंद टायरच्या आधी पाण्यावर तरंगायला लागतो.

पहिलं कारण मात्र अगदी खरं आहे, आणि ते कबूल करायला संकोच नको. मागून किंचित भरलेली, किंचित उचललेली एमजीबी देखणी दिसते. मी मुख्यतः त्यासाठीच हे केलं.

२. आत्ता गाडीवर काय आहे ते लिहून काढा

वहीचं एक पान करा आणि चारही चाकांसाठी या गोष्टी लिहा: टायरवरचा पूर्ण आकार, उत्पादनाची तारीख, रिमची रुंदी, रिम पत्र्याची की तारांची, आतमध्ये ट्यूब आहे की नाही.

रिमची रुंदी सगळ्यात महत्त्वाची. सुरुवातीच्या एमजीबीला पत्र्याचे ४ इंची रिम होते. नंतरच्या रोस्टाइल (पत्र्याच्याच, पण नक्षीदार) रिमची रुंदी ५ इंच आहे, माझ्याकडे तेच आहेत. ४ इंची रिमवर १६५ च्या वर जाऊ नका. टायर चढतो, हवाही धरतो, पण त्याची कूस (बाजूची भिंत) फुगते आणि वळणावर गाडी डुलते.

तारांची चाकं असतील तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. आत ट्यूब लागतेच. आणि तारांच्या चाकांच्या गाडीचा मागचा ॲक्सल पत्र्याच्या चाकांच्या गाडीपेक्षा आखूड असतो. तारांची चाकं असलेल्या एखाद्या मित्राच्या गाडीत अमुक टायर बसला म्हणून तुमच्यात बसेल असं धरून चालू नका.

याच वेळी मागचे पाटे पाहा. गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा. दोन्हींत फरक असेल किंवा मागची बाजू बसलेली दिसत असेल, तर टायरचा विषय तिथेच थांबवा आणि आधी पाटे, त्यांचे बुश आणि बंप रबर बदला. बसलेल्या पाट्यांवर घेतलेलं प्रत्येक माप नंतर चुकतं.

३. आकडेमोड

१९५/७० आर १४ याचा अर्थ असा: रुंदी १९५ मिलिमीटर, कुशीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १४ इंची. पूर्ण उंची काढायची तर १४ ला २५.४ ने गुणा, ३५५.६ येतात. त्यात कुशीची उंची दोनदा मिळवा. मी विचारात घेतलेल्या टायरांची उंची अशी निघाली:

- १६५/८० आर १४: ६१९.६ मिमी. मूळ आकाराच्या सगळ्यात जवळचा. स्विफ्ट-डिझायरच्या काही मॉडेलना हाच लागतो, त्यामुळे सहज मिळतो.
- १८५/७० आर १४: ६१४.६ मिमी. रुंद आहे पण उंच नाही. लोगन-व्हेरिटोचा आकार. बहुतेक एमजीबीवाले यावरच समाधानी असतात.
- १९५/७० आर १४: ६२८.६ मिमी
- २०५/७० आर १४: ६४२.६ मिमी. मला नडलेला हाच.

टायरवर छापलेली रुंदी एका ठरावीक रिमवर मोजलेली असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १९५/७० साठी ते माप ६ इंची रिमवरचं आहे. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाला की टायर साधारण ५ मिलिमीटरने आवळला जातो. म्हणजे माझ्या ५ इंची रिमवर १९५ चा टायर प्रत्यक्षात सुमारे १८५ भरतो आणि २०५ चा सुमारे १९५. १६५ चा टायर उलट किंचित ताणला जाऊन १७० च्या आसपास जातो. म्हणून १६५ वरून १९५ वर गेलो तर एकूण वाढ ३० नाही, १५ मिलिमीटर होते. प्रत्येक बाजूला साडेसात. २०५ वर गेलो तर प्रत्येक बाजूला साडेबारा. कंपनीनुसार यात दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात, म्हणून शक्य असेल तर दुकानात चढवलेला टायर व्हर्नियरने मोजून घ्या.

पुढे आणि मागे वेगळे आकार ठेवणार असाल तर उंचीतला फरक लहान ठेवा. मी पुढे १८५/७० आणि मागे १९५/७० लावले. व्यासात १४ मिलिमीटरचा फरक, म्हणजे मागची बाजू पुढच्यापेक्षा फक्त ७ मिलिमीटर उंच. गाडी किंचित पुढे झुकते, पण स्टीअरिंगच्या कोनावर जाणवेल इतका परिणाम होत नाही. मागच्या दोन टायरांत मात्र एकमेकांशी मिलिमीटरचाही फरक नको. एक नवा, एक झिजलेला अशी जोडी लावली तर डिफरेन्शियलच्या आतले गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात.

४. ॲक्सल मध्यावर आहे का ते पाहा

एमजीबीची एक जुनी खोड आहे. बॉडी आणि मागचा ॲक्सल यांचे मध्य बहुतेक गाड्यांत तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे एका बाजूला जागा जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असते. बऱ्याचदा डावी बाजू अडचणीची निघते. माझीही तशीच निघाली.

मोजायला ओळंबा वापरा. सपाट फरशीवर गाडी उभी करा. मडगार्डच्या वरच्या कडेला, चाकाच्या बरोबर मध्यावर, दोरी टेपने चिकटवा आणि ओळंबा खाली सोडा. दोरी हलायची थांबली की दोरी आणि टायरच्या कुशीमधलं अंतर मोजा. मग तेच दुसऱ्या बाजूला. आमच्या कॉलनीत काम करणाऱ्या गवंड्याकडून मी ओळंबा मागून आणला होता. त्याने स्वतः येऊन दोरी धरली आणि डाव्या बाजूला पाहून म्हणाला, "भाऊ, भिंत सरळ आहे, पण चाक बाहेर आलं नं." डावीकडे माप उजवीकडच्यापेक्षा १० मिलिमीटरने कमी होतं.

या फरकाचा काही भाग झिजलेल्या बुशमुळे असतो, काही भाग मुळातच कारखान्यातून आलेला. पाट्यांचे सगळे बुश नवे घातले, यू-बोल्ट ढिले करून ॲक्सल बसेल तितका मध्यावर घेतला आणि गाडी चाकांवर उभी असताना बोल्ट पुन्हा कसले. १० चा फरक ४ वर आला. उरलेला ४ कायमचा आहे, तो मान्य करून पुढे जायचं.

५. शाडूची चाचणी

उभ्या गाडीत बोट घालून काही कळत नाही. गाडी भरलेली असताना, खड्ड्यातून जाताना, वळणावर एका बाजूला कललेली असताना किती जागा उरते, ते कळलं पाहिजे. मला त्यासाठी शाडू मातीसारखं साधन दुसरं सापडलं नाही. गणपतीच्या दिवसांत चितारओळीत ती कुठेही मिळते, मीही तिथूनच आणली.

जुने टायर गाडीवर असतानाच हे करा.

मडगार्डच्या आतल्या दुमडीवर, चाकाच्या मध्याच्या थोडं मागे आणि थोडं पुढे, असे तीन ठिकाणी मातीचे जाड खुंटे चिकटवा. पत्रा आधी कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर माती गळून पडेल. खुंटा इतका लांब ठेवा की तो टायरच्या कुशीला जवळजवळ टेकेल. तसेच खुंटे आतल्या बाजूला, पाट्याजवळ आणि आतल्या पत्र्यावरही लावा. लोक बाहेरची बाजू पाहतात आणि आतली विसरतात.

मग डिकीत दोन्ही कट्टे ठेवा, शेजारी कुणाला तरी बसवा, टाकी भरा. ओळखीच्या रस्त्यावर तीन-चार किलोमीटर हळू चालवा. तीन-चार स्पीड ब्रेकर, एक-दोन घट्ट वळणं आणि शक्य असेल तर रस्त्याची एखादी अशी कड, जिथे एकच चाक वर चढेल. मी फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सच्या चढावर नेली, कारण तिथे वळणंही मिळतात आणि उतारही.

परत आल्यावर टायरने खुंटे जिथपर्यंत कापले असतील, तिथून पत्र्यापर्यंत उरलेली माती व्हर्नियरने मोजा. ती तुमची खरी जागा. बुश बदलण्याआधी माझ्याकडे डावीकडे ११ आणि उजवीकडे २१ मिलिमीटर होती. बदलल्यावर डावीकडे १४ आणि उजवीकडे १८.

आता वजाबाकी करा. २०५ ला प्रत्येक बाजूला साडेबारा लागतात. आधीच्या ११ मध्ये ते बसणारच नव्हते, आणि कन्हानच्या पुढे झालं ते त्यामुळेच. १९५ ला साडेसात लागतात. १४ मधून ते गेले की साडेसहा उरतात. कमीत कमी ६ मिलिमीटर उरलेच पाहिजेत असं मी ठरवलं होतं, त्यामुळे १९५ पक्का केला. तुमच्याकडे वजाबाकी ६ च्या खाली गेली तर १८५ वर थांबा.

उंचीसाठीही एक खुंटा कमानीच्या छताला, चाकाच्या बरोबर वर लावा. तिथे साधारणपणे भरपूर जागा असते, पण पाटे बसलेले असतील तर नसते.

या टप्प्यावर दोन सल्ले तुम्हाला हमखास मिळतील. पहिला, चाकामागे स्पेसर टाका. रुंद टायरसाठी बाहेरच्या बाजूलाच जागा कमी आहे आणि स्पेसर चाक आणखी बाहेर ढकलतो, शिवाय स्टडवरचा ताण वाढतो. दुसरा, मडगार्डची दुमड ठोकून वर करा किंवा ग्राइंडरने कापा. माझ्या मिस्त्रीनेही सुरुवातीला हेच सुचवलं होतं: "थोडं कापून टाकू, टायर बसन." एमजीबीची ती दुमड म्हणजे बाहेरचा मडगार्ड आणि आतला पत्रा जिथे एकत्र वेल्ड केले आहेत तो जोड आहे. तो कापला की दोन पत्रे सुटतात, आत पाणी शिरतं, आणि दोन पावसाळ्यांत कमान गंजून जाते. नुसती ठोकली तरी रंग तडकतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. शिवाय पुढच्या पायरीतलं कारणही आहेच.

६. कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका पक्की केली. त्यामुळे जे कराल ते उलटवता येण्यासारखं ठेवा.

जुन्या गाडीला जुलै २०२१ मधल्या केंद्रीय नियमांचाही विचार करावा लागतो. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' येतं. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. आणि नियमाची अट अशी आहे की चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे अडीच इंच पत्रा कापून टायर बसवला, की उद्या विंटेज नोंदणीचा अर्ज करताना तुमच्याच हाताने अडचण उभी केलेली असेल. टायर काढून जुने लावता येतात. पत्रा परत येत नाही.

माझ्या फाइलमध्ये या गोष्टी आहेत, तुम्हीही ठेवा:

- आरसी बुकाची प्रत, आणि गाडी आयात केलेली असेल तर बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद)
- विम्याची पॉलिसी, आणि टायरचा आकार बदलतो आहे हे विमा कंपनीला लिहून कळवल्याचं पत्र आणि त्यांचं उत्तर
- पीयूसी
- नव्या टायरचं बिल, ज्यावर आकार आणि उत्पादनाची तारीख लिहिलेली आहे
- काम करण्याआधीचे चारही बाजूंचे फोटो, कमानीच्या आतले धरून
- मूळ आकाराचे टायर. रिम साफ ठेवून पूर्ण संच घरात झाकून ठेवला आहे.

विमा कंपनीला कळवण्याचा लोक कंटाळा करतात. दाव्याच्या वेळी पाहणी करणारा माणूस टायरचा आकार पाहतोच. एका ईमेलचं काम आहे, करून टाका.

आरटीओत जायचं असेल तर तुमची नोंदणी एमएच ३१, ४० किंवा ४९ यांपैकी कोणाकडे आहे ते आधी पाहा. शहर, ग्रामीण आणि पूर्व अशी तीन कार्यालयं आहेत, आणि चुकीच्या रांगेत अर्धा दिवस जातो.

७. विकत घेताना

टायरवर 'डॉट' या अक्षरांनंतर शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. कमी खपाचे आकार दुकानदाराकडे वर्षानुवर्षं पडून असतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडलेल्या टायरचं रबर आतून कडक होतं. वर्षाहून जुना टायर मी घेत नाही, भाव कितीही खाली आला तरी. १९५/७० आर १४ मला इथे मिळाला नाही. मुंबईहून मागवावा लागला आणि तीन आठवडे लागले. पैसे देण्याआधी दोन्ही टायरांच्या तारखेचा फोटो मागवून घ्या, आणि दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आहेत हेही पाहा.

वाडीकडच्या ट्रक-टायरच्या दुकानांत १८५ आर १४ हा आकार लगेच मिळेल. तो छोट्या मालवाहू पिकअपचा टायर आहे. उंची ६५२ मिलिमीटरच्या आसपास भरते म्हणून मोह होतो. घेऊ नका. त्याची कूस टनभर माल पेलायला बनवलेली असते, हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये ती वाकतच नाही. गाडी उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. वेगाची मर्यादाही कमी असते. एमजीबी ताशी १६० च्या वर जाणारी गाडी आहे, तेव्हा टायरवर निदान 'एस' किंवा 'टी' हे अक्षर असू द्या. 'एस' म्हणजे १८० पर्यंत, 'टी' म्हणजे १९० पर्यंत.

पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय (आडव्यातिडव्या धाग्यांच्या थरांचा, जुन्या पद्धतीचा टायर) असं कधीही करू नका. गाडीची मागची बाजू वळणावर अचानक सुटते.

८. बसवताना

टायर चढवणाऱ्याला रोस्टाइल रिमची ओळख नसेल, म्हणून स्वतः उभे राहा. रिमच्या कडेला प्लास्टिकचं संरक्षण लावायला सांगा. आत टायरची कडा धरून ठेवणारा उंचवटा आहे का ते पाहा. नसेल तर ट्यूब घाला, आणि ट्यूब टायरच्या आकाराचीच घ्या.

बॅलन्सिंगला चाक मधल्या भोकावर बसवतात. जुन्या रिमचं ते भोक नेहमी अचूक नसतं, म्हणून नटांच्या भोकांवर बसणारी प्लेट असलेलं दुकान शोधा.

नट हाताने धरवा, मग तिरकस क्रमाने कसा आणि शेवटी टॉर्क रेंच लावा. एमजीबीच्या पत्र्याच्या चाकांना ६० ते ६५ फूट-पाउंड, म्हणजे ८१ ते ८८ न्यूटन-मीटर. हवेच्या गनने शेवटचा घट्टपणा देऊ देऊ नका. ५० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा.

चाक हाताने पूर्ण फिरवून पाहा. हँडब्रेकची केबल, ब्रेकची नळी, एक्झॉस्ट, काहीही टायरच्या दोन बोटांच्या आत नको.

९. हवा

रेडियलसाठी कंपनीच्या पुस्तकात पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय दिले आहेत. मी पुढे २४, मागे २६ ने सुरुवात केली आणि तिथेच थांबलो. मागे रुंद टायर लावले की वळणावर गाडीचं नाक बाहेर जायला बघतं, म्हणजे स्टीअरिंग जास्त वळवावं लागतं. मागची हवा एक पीएसआयने कमी करून किंवा पुढची एकाने वाढवून हे थोडं सावरतं. एका वेळी एकच बदल करा आणि त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून पाहा.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमध्ये साधारण एक पीएसआय वाढतो. मे महिन्यात पहाटे आणि दुपारी मोजलेल्या हवेत तीन पीएसआयचा फरक मी स्वतः पाहिला आहे. दुपारी तापलेल्या टायरमधली 'जास्तीची' हवा काढून टाकली तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर कमी हवेवर निघतो, आणि समृद्धीसारख्या लांब काँक्रीटच्या रस्त्यावर कमी हवेचा टायर आतून तापत जातो.

१०. पहिले दोनशे किलोमीटर

नव्या टायरवर पुन्हा शाडू लावा. या वेळी पातळ, ६ मिलिमीटरचा थर. तोच रस्ता, तेच कट्टे, तोच शेजारचा माणूस. माती कापली गेली तर मोजणीत काहीतरी चुकलं आहे, गाडी तिथेच थांबवा.

स्पीडोमीटर आता थोडा कमी दाखवेल. माझ्याकडे १०० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०१.५ वर असते. जुन्या स्पीडोमीटरची स्वतःची चूक याहून मोठी असते, म्हणून फोनच्या जीपीएसवर एकदा ताडून पाहा आणि काचेच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावा.

स्टेपनीचं काय करायचं हेही आत्ताच ठरवा. माझी स्टेपनी १८५/७० आहे. पुढे लागली तर उत्तम, मागे लागली तर फक्त जवळच्या दुकानापर्यंत, ५० च्या आत. मागचा नवा टायर डिकीत स्टेपनीच्या जागी बसतो का ते मी घरीच पाहून घेतलं होतं. बसतो, पण मग बॅगेला जागा राहत नाही.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला टायरच्या दोन्ही खांद्यांवर बोट फिरवा, आतल्या बाजूने सुद्धा. घासायला लागला तर डोळ्याला दिसण्याआधी बोटाला खरखर लागते. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं पुन्हा रामटेकला गेलो, त्याच बॅगा घेऊन, टाकी भरून. कन्हानच्या पुढच्या त्या स्पीड ब्रेकरवर मी काच खाली करून कान लावला होता. गडावरच्या पार्किंगमध्ये उतरून आधी डाव्या चाकापाशी वाकलो आणि बोट फिरवलं. रबर गुळगुळीत होतं.